घरच्या यंत्रावर निनावी ओनियन साइट: मांडणी सोपी कशी करावी आणि ती गळते कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच-सहा जणांच्या गटाला स्वतःच्याच यंत्रावर एक वेबसाइट चालवायची आहे. तिच्यावर मजकूर, काही पीडीएफ आणि फोटो असतील. ती कुठून चालते हे कुणाला कळता कामा नये. गटात लिनक्स एकालाच येतं, आणि तो हाताशी नसला तरी दुसऱ्या कुणाला साइट पुन्हा उभी करता आली पाहिजे. हे सगळं एका स्क्रिप्टमध्ये (आज्ञा आपोआप एकामागून एक चालवणाऱ्या फायलीत) बसवता येईल का, आणि सोपं करण्याच्या नादात सुरक्षितता जाईल का?

बसवता येतं. अशी साइट टॉर या निनावी जाळ्यावर चालते आणि तिचा ‘.ओनियन’ने संपणारा पत्ता सर्व्हर कुठे आहे ते सांगत नाही. टॉर बसवणं हा तर यातला सगळ्यात सोपा भाग आहे, सेटिंगच्या दोन ओळींचं काम. साइटचा ठावठिकाणा बहुतेक वेळा टॉरमुळे फुटत नाही. तो फुटतो टॉरच्या शेजारी बसलेल्या वेब सर्व्हरमुळे, बाहेर परस्पर जोडणी करणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमुळे आणि फायलींमध्ये राहून गेलेल्या खुणांमुळे. त्यामुळे स्क्रिप्टचं मोल ती किती ओळी आपोआप लिहिते यावर ठरत नाही. ती माणसाला कमीत कमी प्रश्न विचारते का, आणि एखादी गोष्ट चुकली असेल तर साइट सुरूच होऊ देत नाही का, हे बघायला हवं. साइट बंद पडली तर दुरुस्त करता येते, फुटलेला पत्ता परत घेता येत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. फेसबुकने २०१४ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये ओनियन पत्ते सुरू केले. त्यांना सर्व्हर लपवायचा नव्हता, वाचकाला अडथळ्याविना पोहोचू द्यायचं होतं. अशा कामासाठी ईओटीके किंवा ओनियनस्प्रे ही साधनं आहेत, ती तुमच्यासाठी नाहीत. टॉरमधलं ‘हिडनसर्व्हिससिंगलहॉपमोड’ हे सेटिंगही त्याच जातीचं: वेग वाढतो, पण सर्व्हरचं निनावीपण संपतं. सुदैवाने ते चुकून लागत नाही, सोबत ‘हिडनसर्व्हिसनॉनअ‍ॅनॉनिमसमोड’ लिहिल्याशिवाय टॉर ते मानतच नाही. कुठल्या मार्गदर्शकात या दोन ओळी ‘साइट जलद करा’ म्हणून दिसल्या तर तो मार्गदर्शक बाजूला ठेवा.

(आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फायलीत ती रोमन लिपीतच लिहायची.)

जागा कोणती घ्यायची? ओनियन सर्व्हिस स्वतःहून बाहेर जोडणी करते, आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही. म्हणून राउटरमागे, अगदी सीजीनॅटमागेही (इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देते तेव्हाही) ती चालते. स्थिर आयपी मागायला नको, पोर्ट फॉरवर्डिंग नको. घरच्या यंत्राच्या बाजूने हा मोठाच मुद्दा आहे. भाड्याचा व्हीपीएस (कंपनीच्या डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घेणार असाल तर हे लक्षात ठेवा: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतातल्या डेटा सेंटर, व्हीपीएस आणि व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी ही माहिती ५ वर्षं जपायची असते. शिवाय व्हीपीएसची डिस्क त्या कंपनीच्या हातात, म्हणजे ओनियनची किल्लीही (जिच्यावर तुमचा पत्ता चालतो ती गुप्त फाइल) तिच्याच हातात. घरच्या यंत्राचा तोटा वेगळा आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी देखभालीसाठी ठरलेल्या वारी वीज जाते. साइट दर आठवड्याला त्याच वेळी बंद पडू लागली, तर तिच्याकडे लक्ष ठेवणाऱ्याला भाग ओळखायला तेवढं पुरतं. यंत्र आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. राउटर विसरला तर यंत्र चालू राहून काही उपयोग नाही.

आता सगळ्यात सोपा मार्ग, कारण कदाचित तुमचं काम तिथेच भागेल. ओनियनशेअर हा प्रोग्राम २०१४ पासून आहे आणि २०१९ च्या २.२ आवृत्तीपासून त्यात वेबसाइट चालवायची सोय आहे. साध्या एचटीएमएल फायलींचं फोल्डर त्यात टाकायचं, बस्स. त्यात वेब सर्व्हर वेगळा बसवावा लागत नाही, त्यामुळे खाली सांगितलेल्या निम्म्या चुका करायची संधीच मिळत नाही. बाहेरच्या साइटवरून काही ओढून आणणंही तो मूळ सेटिंगमध्ये अडवतो. तीन गोष्टी मात्र बघा. फोल्डरच्या मुळाशी इंडेक्स फाइल हवी, नाहीतर वाचकाला फायलींची यादीच दिसते. टॅब कायमचा जपायची खूण केली नाही तर पुढच्या वेळी पत्ता बदलतो. आणि सुरुवातीला प्रत्येक साइट उघडायला वाचकाला खासगी किल्ली लागते. साइट सगळ्यांसाठी खुली हवी असेल तर ‘सार्वजनिक सेवा’ हा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं की साइट गेली, ही त्याची मर्यादा.

चोवीस तास चालणारी साइट हवी असेल तर जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्यावर डेबियन हे लिनक्स, त्यावर टॉर आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर. डिस्क बसवतानाच कूटबद्ध करा. वर्डप्रेस नको. साइट स्थिर (नुसत्या तयार फायलींची) असेल तर डेटाबेस नाही, लॉगिन नाही, पासवर्डची आठवण करून देणारी ईमेल नाही. गळतीची तितकी भोकं कमी. मजकूर बदलायचा तर दुसऱ्या यंत्रावर ह्यूगोसारख्या साधनाने पानं बनवा आणि नुसत्या तयार फायली सर्व्हरवर टाका.

टॉरच्या सेटिंग फायलीत दोन ओळी लागतात: ‘हिडनसर्व्हिसडिर’ आणि तिच्यापुढे फोल्डरचा मार्ग, मग ‘हिडनसर्व्हिसपोर्ट ८०’ आणि तिच्यापुढे ‘१२७.०.०.१:८०८०’ (१२७.०.०.१ म्हणजे हेच यंत्र). फोल्डर ‘/व्हार/लिब/टॉर’ याच्या आतच ठेवायचं. होम फोल्डरमध्ये ठेवलं तर डेबियनची सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) फाइल टॉरला तिकडे फिरकूच देत नाही, आणि ‘परवानगी नाही’ ही चूक बघून लोक चमॉड ७७७ (सर्वांना सगळी परवानगी देणारी आज्ञा) मारतात. त्याने आणखी बिघडतं, कारण फोल्डर इतरांना वाचता येत असेल तर टॉर सुरू व्हायलाच नकार देतो. मालक ‘डेबियन-टॉर’, परवानगी ७००, याव्यतिरिक्त काही नाही. नवं फोल्डर टॉरला स्वतःलाच बनवू द्या, हाताने बनवूच नका, म्हणजे हा सगळा घोळ टळतो. पहिल्यांदा सुरू झाल्यावर त्या फोल्डरमध्ये ‘होस्टनेम’ नावाची फाइल येते, तिच्यात तुमचा पत्ता असतो. पत्ता ५६ अक्षरांचा असतो आणि शेवटचं अक्षर नेहमी ‘डी’ येतं. १६ अक्षरांचे पत्ते दाखवणारा मार्गदर्शक जुना समजा, त्या आवृत्तीला टॉरने २०२१ मध्ये निरोप दिला. सुरू केल्यावर एक-दोन मिनिटं थांबा. वर्णनपत्र (तुमची साइट कशी गाठायची हे सांगणारी नोंद) जाळ्यात पोहोचायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईने वारंवार रिस्टार्ट केलं तर आणखी उशीर होतो.

आता वेब सर्व्हर. इथे सावकाश जायला हवं, कारण इथेच सर्वाधिक साइट्स उघड्या पडतात.

टॉरमधून येणारी प्रत्येक विनंती वेब सर्व्हरला १२७.०.०.१ वरून, म्हणजे घरातूनच आल्यासारखी दिसते. ‘फक्त याच यंत्रावरून परवानगी’ असे नियम त्यामुळे साऱ्या जगासाठी उघडे होतात. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरचं मॉड-स्टेटस (सर्व्हरची चालू स्थिती दाखवणारं पान) हे त्याचं नेहमीचं उदाहरण. डेबियनवर ते मूळ सेटिंगमध्ये फक्त स्थानिक विनंत्यांना दिसतं. ओनियन साइटवर ते कुणालाही दिसतं, आणि त्यात कोण कुठली पानं मागतंय, त्याच सर्व्हरवर आणखी कुठल्या साइट्स आहेत, हे सगळं वाचता येतं. अपाची वापरायचाच असेल तर ‘ए२डिसमॉड स्टेटस’ ही आज्ञा पहिली द्या. नियंत्रण पानं, डेटाबेसची पानं, मॉनिटरिंगची पानं या सगळ्यांना हाच न्याय.

एन्जिनएक्समध्ये ‘लिसन ८०८०’ एवढंच लिहिलं तर तो यंत्राच्या सगळ्या आयपीव्ही४ जोडण्यांवर ऐकतो. मग तुमची निनावी साइट घरच्या वायफायवर, आणि यंत्राला सार्वजनिक आयपी असेल तर थेट इंटरनेटवर दिसते. ‘लिसन १२७.०.०.१:८०८०’ असं पूर्ण लिहा. डेबियनने सोबत दिलेली ‘डिफॉल्ट’ साइट काढून टाका, ती पोर्ट ८० वर सगळीकडे ऐकत बसलेली असते. मग दोन सर्व्हर विभाग करा. पहिल्यात सर्व्हरचं नाव म्हणून फक्त तुमचा ओनियन पत्ता. दुसरा ‘डिफॉल्ट सर्व्हर’ आणि त्यात फक्त ‘रिटर्न ४४४’, म्हणजे भलत्या नावाने आलेल्या विनंतीला उत्तर न देता जोडणी तोडली जाते. चुकून साइट बाहेर दिसलीच, तरी आयपी पत्त्यांवर सरसकट चाळणी मारणाऱ्याला तुमचं पान मिळत नाही.

पुढे काही बारीक ओळी. ‘सर्व्हर टोकन्स ऑफ’: एन्जिनएक्सची आवृत्ती दिसत नाही. ‘अ‍ॅबसोल्यूट रिडायरेक्ट ऑफ’: नाहीतर फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ न देता कुणी आलं की एन्जिनएक्स त्याला ८०८० पोर्टसह पूर्ण पत्ता देतो आणि वाचकाला पान उघडत नाही. ‘अ‍ॅक्सेस लॉग ऑफ’: त्यात आयपी सगळे १२७.०.०.१ असले तरी कुठलं पान किती वाजता वाचलं गेलं याची नोंद राहते, आणि यंत्र जप्त झालं तर ती वाचकांच्या विरोधात वापरता येते. ‘ईटॅग ऑफ’: एन्जिनएक्सचा ईटॅग (प्रत्येक फायलीसोबत पाठवली जाणारी खूण) फायलीच्या बदलाच्या वेळेपासून आणि आकारापासून बनतो, त्यामुळे त्याच फायली दुसऱ्या उघड्या साइटवर तशाच असतील तर दोन्ही जुळवता येतात. टिंबाने सुरू होणाऱ्या फायली आणि फोल्डर पूर्ण बंद. गिटचं फोल्डर साइटवर राहून गेलं तर त्यात प्रत्येक बदलाबरोबर नाव आणि ईमेल लिहिलेलं असतं.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर हे वाचून ठेवा. ‘पोर्ट ८०८०:८०’ असं लिहिलं की डॉकर ते सगळ्या जोडण्यांवर उघडतो आणि त्यासाठी फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम घालतो. यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं साधन ‘सगळं बंद’ म्हणत असतं आणि पोर्ट मात्र उघडं असतं. पुढे १२७.०.०.१ जोडायचंच. स्थिर साइटला डॉकरची गरज मुळीच नाही.

आत येणारं बंद झालं, आता बाहेर जाणारं. याकडे फार थोडे लोक बघतात. एखाद्या अ‍ॅप्लिकेशनने अपडेट तपासायला, दुव्याचं चित्र आणायला किंवा ईमेल पाठवायला थेट जोडणी केली, की समोरच्याकडे तुमचा खरा आयपी नोंदला जातो. हल्ला करणाऱ्याला फक्त तुमच्या सर्व्हरला स्वतःच्या सर्व्हरकडे एकदा हाक मारायला लावायचं असतं. म्हणून एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये ‘आउटपुट’ साखळीचं धोरणच ‘ड्रॉप’ ठेवा आणि मोजक्या गोष्टींना वाट द्या: लूपबॅक (यंत्राची स्वतःशीच जोडणी), आधीच जुळलेल्या जोडण्या, आणि ‘मेटा एसकेयूआयडी डेबियन-टॉर’, म्हणजे फक्त टॉरच्या वापरकर्त्याची वाहतूक. टेबल ‘आयनेट’ प्रकारचं घ्या, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींना नियम लागतात. फक्त आयपीव्ही४ चे नियम लिहून मागचं दार उघडं ठेवणं ही फार वेळा दिसणारी चूक आहे.

हे केल्यावर तीन गोष्टी बंद पडतात, आणि त्या बंद पडल्या की लोक वैतागून सगळी फायरवॉल काढून टाकतात. पहिली घड्याळ. वेळ काही तासांनी चुकली की ओनियन सर्व्हिसचं वर्णनपत्र जुळत नाही आणि टॉर ब्राउझर ‘ओनियनसाइट नॉट फाउंड’ दाखवतो. रास्पबेरी पाय ४ पर्यंत यंत्रात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. म्हणून ‘सिस्टमडी-टाइमसिंक’ या वापरकर्त्याला यूडीपी १२३ ची वाट द्या आणि टाइम सर्व्हरचं नाव न देता आयपी पत्ता द्या, म्हणजे डीएनएस उघडावं लागत नाही. दुसरी अपडेट. ‘एपीटी-ट्रान्सपोर्ट-टॉर’ हे पॅकेज बसवून स्रोतांच्या यादीत पत्त्यांच्या आधी ‘टॉर+’ लावा, मग सुरक्षा अपडेट टॉरमधूनच येतात. हे पॅकेज फायरवॉल लावण्याआधी बसवा. तिसरी घरच्या राउटरकडून मिळणारा पत्ता: यंत्राला अंतर्गत पत्ता हाताने कायमचा देऊन टाका.

डेबियनवर एनएफटेबल्सची सेवा मूळ सेटिंगमध्ये चालू नसते. नियम लिहिले, तपासले, सगळं ठीक, आणि पुढच्या वेळी वीज जाऊन आली की नियम गायब. ‘सिस्टमसीटीएल एनेबल एनएफटेबल्स’ केलंच पाहिजे. त्याही पुढे जाऊन टॉर आणि एन्जिनएक्स दोन्ही सेवांच्या सिस्टमडी सेटिंगमध्ये ‘रिक्वायर्स’ आणि ‘आफ्टर’ या ओळी घालून त्यांना एनएफटेबल्सशी बांधा. नियमांच्या फायलीत एखादा कंस चुकला तरी साइट उघडी राहत नाही, ती उठतच नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये एकच गोष्ट टाकायची असेल तर ही टाका.

फायलींमधल्या खुणा. फोटोतली एक्झिफ माहिती (फोटो कधी, कुठे, कशाने काढला याची नोंद) सर्वांना ठाऊक असते, पीडीएफ विसरतात. एक्झिफटूलने पीडीएफमधली माहिती काढली तर ती परत मिळवता येते, कारण तो जुना भाग पुसत नाही, वर नवा जोडतो. मॅट२ हा खुणा काढणारा प्रोग्राम वापरा. तो मूळ पद्धतीत पीडीएफची पानं चित्रं करून पुन्हा बांधतो, त्यामुळे मराठी मजकूर शोधता किंवा उचलता येत नाही. साइटवर तोच मजकूर एचटीएमएलमध्येही द्या. ह्यूगोने बनवलेल्या आरएसएस फायलीत तारखेपुढे ‘+०५३०’ येऊ शकतं, म्हणजे भारत किंवा श्रीलंका इतकं तरी कळलंच. पानं बनवणाऱ्या यंत्राचा टाइम झोन यूटीसी ठेवा. सर्व्हरवर टाकण्यापूर्वी सगळ्या फायलींना ‘टच’ने एकच तारीख द्या, नाहीतर कोणती फाइल किती वाजता लिहिली हे ‘लास्ट-मॉडिफाइड’मधून दिसतं आणि कामाच्या वेळा उघड होतात. गूगल फॉन्ट्सचे दुवे काढा. देवनागरी फॉन्ट हवाच असेल तर मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी स्वतःच्या साइटवर ठेवा, आणि टॉर ब्राउझरच्या ‘सेफेस्ट’ पातळीवर पान वाचता येतं का ते बघा. तिथे वेबफॉन्ट आणि जावास्क्रिप्ट दोन्ही बंद असतात.

यंत्र दुरून सांभाळायला एसएसएच लागेल. त्यासाठी वेगळा ओनियन पत्ता घ्या, साइटच्याच पत्त्यावर दुसरं पोर्ट जोडू नका. एसएसएचची होस्ट-किल्ली (यंत्राची ओळख पटवणारी) साइटच्या पत्त्यावर आणि दुसऱ्या कुठे एकच दिसली की दोन्ही एकाच यंत्रावर आहेत हे कळतं. त्या पत्त्याला ग्राहक-परवाना (किल्ली असलेल्यालाच जोडता येईल अशी अट) लावा: ‘ऑथराइज्ड क्लायंट्स’ फोल्डरमध्ये ‘.ऑथ’ने संपणारी फाइल, तिच्यात ‘डिस्क्रिप्टर:एक्स२५५१९:’ आणि पुढे बेस३२ मधली सार्वजनिक किल्ली. किल्लीच्या शेवटी येणारी ‘=’ चिन्हं काढायची, उरतात ५२ अक्षरं. एक सापळा: यातली निदान एक फाइल तरी टॉरला नीट वाचता आली तरच परवाना लागू होतो. एकुलत्या एका फायलीत चूक असली तर सेवा खुलीच राहते. म्हणून लावल्यावर परवाना नसलेल्या ब्राउझरमधून उघडून बघा, किल्ली मागितली पाहिजे.

साइटवर विनंत्यांचा मारा झाला तर टॉर ०.४.८ पासून ‘हिडनसर्व्हिसपीओडब्ल्यूडिफेन्सेसएनेबल्ड १’ आहे. आधी ‘टॉर --लिस्ट-मॉड्यूल्स’मध्ये ‘पीओडब्ल्यू: येस’ दिसतं का पाहा. त्याच यंत्रावर टॉर रिले (इतरांची वाहतूक पुढे नेणारा थांबा) चालवू नका, दोन्ही एकाच वेळी बंद-चालू होताना दिसतात. ओनियनला एचटीटीपीएसची गरज नाही, जोडणी मुळातच शेवटपर्यंत कूटबद्ध असते. प्रमाणपत्र घेतलं तर पत्ता सार्वजनिक नोंदवहीत जातो. आणि लॉगिन, प्रतिक्रिया, अपलोड असलेली साइट हवीच असेल तर एका यंत्रावर हे करू नका: व्होनिक्स या टॉरसाठी बनवलेल्या लिनक्सची दोन भागांची मांडणी घ्या. त्यात अ‍ॅप्लिकेशन असलेल्या भागाला खरा आयपी माहीतच नसतो.

स्क्रिप्टने शेवटी काय तपासावं: ‘एसएस -टीएलएनपी’मध्ये एन्जिनएक्स १२७.०.०.१ शिवाय कुठेही नको. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ म्हणून बाहेरच्या आयपीला कर्ल केलं (त्या आज्ञेने पान मागून पाहिलं) तर ते अडकलंच पाहिजे. मग मोबाइलच्या डेटावरून घराच्या आयपीवर, होस्ट-नाव म्हणून ओनियन पत्ता देऊन कर्ल करायचं, उत्तर येता कामा नये. हे सगळं यंत्र रिस्टार्ट करून पुन्हा एकदा. एकही चाचणी चुकली तर स्क्रिप्टने टॉर थांबवावा आणि कोणती चाचणी चुकली ते मराठीत, एका वाक्यात सांगावं.

राहिली पत्त्याची किल्ली. ‘हिडनसर्व्हिसडिर’चं पूर्ण फोल्डर जीपीजी किंवा एजने कूटबद्ध करून दोन पेन ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. किल्ली हरवली तर तो पत्ता कायमचा गेला, कुणीही परत देऊ शकत नाही. चोरीला गेली तर दुसरा कुणी तुमच्याच पत्त्यावर साइट चालवू शकतो. लिनक्स न येणाऱ्या सदस्याकडून एकदा सराव करून घ्या: कोरं कार्ड, स्क्रिप्ट, पेन ड्राइव्ह, आणि शेजारी कुणीही नाही. त्या वेळी जुनं यंत्र बंद असलं पाहिजे. एकाच किल्लीने दोन यंत्रं चालू राहिली तर ती एकमेकांचं वर्णनपत्र पुसत राहतात, आणि वाचक कधी या यंत्रावर, कधी त्या यंत्रावर जातो.